दुखणे पट्ट्याचे, खापर काट्यावर

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल फरशीवर टेकवताच टाचेत अशी कळ येते की भिंतीचा आधार घेत, चवड्यावर चालत न्हाणीघर गाठावे लागते. आणि चहाला उकळी येईपर्यंत ती कळ बरीचशी ओसरलेलीही असते. दुपारी तासभर खुर्चीत बसून उठले की ती पुन्हा हजर. असे दोन-तीन महिने गेले की माणूस एक्स-रे काढतो. माझ्या उजव्या टाचेच्या बाबतीत हेच झाले. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून टाचेच्या हाडाच्या खालच्या कडेला पुढे आलेले, गुलाबाच्या काट्यासारखे टोक मला दाखवण्यात आले आणि "हाड वाढले आहे" एवढ्यावर निदान संपले. त्यानंतर कित्येक दिवस, पाऊल टाकले की तो काटा आतून मांसात रुततो आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येत असे. ते चित्र चुकीचे होते. चित्र चुकीचे असल्यामुळे मी पायाला जपले ते चुकीच्या पद्धतीने, आणि त्यात सहा महिने वाया गेले.

या दुखण्याचे वैद्यकीय नाव प्लांटार फॅसिआयटिस. दहांपैकी साधारण एकाला ते आयुष्यात कधी ना कधी गाठते, आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान त्याचे प्रमाण अधिक असते. इतके सर्रास आढळणारे दुखणे असूनही त्याविषयीचे समज मात्र अजून काट्याभोवतीच घोटाळत राहिले आहेत.

तळव्यातला पट्टा करतो काय?

तळपायाच्या कातडीखाली, चरबीच्या गादीच्या आत, टाचेच्या हाडापासून निघून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत पंख्यासारखा पसरत जाणारा एक जाड, पांढरट, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. यापुढे आपण त्याला नुसते 'पट्टा' म्हणू. तो स्नायू नसल्याने स्वतःहून आकुंचन पावत नाही, आणि रबरासारखा फारसा ताणलाही जात नाही. पायाची हाडे म्हणजे वाकवलेले धनुष्य मानले तर हा पट्टा म्हणजे त्या धनुष्याची दोरी होय. वरून शरीराचे वजन पडले की पायाची कमान सपाट होऊ पाहते, दोरीवर ताण येतो आणि कमान सावरली जाते.

त्याचे दुसरे काम याहून मजेचे आहे. इंग्लंडमधील जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ते उलगडून दाखवले, आणि ते समजण्यासाठी विहिरीवरचा रहाट आठवावा. चालताना मागच्या पायाची टाच उचलली जाते तेव्हा बोटे जमिनीवरच राहतात, म्हणजे पायाच्या मानाने ती वरच्या बाजूला वळतात. पट्टा बोटांच्या सांध्यांखालून पुढे जात असल्यामुळे, रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा तो त्या सांध्यांवर गुंडाळला जातो. दोर आखूड पडतो, टाच बोटांकडे ओढली जाते, कमान उंचावते आणि एरवी लवचिक असलेला पाय क्षणभर टणक तरफेसारखा होऊन शरीराला पुढे ढकलतो. खुर्चीत बसून, एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन, हाताने पायाचा अंगठा वर ओढून पाहावा: तळव्याच्या आतल्या कडेला तारेसारखा ताठ झालेला पट्टा दुसऱ्या हाताच्या बोटांना सहज लागतो. तो पकडून टाचेकडे सरकत गेल्यावर, हाडाला चिकटतो त्या जागी, टाचेच्या तळाशी किंचित आतल्या बाजूला, दाबताच नेमकी ओळखीची कळ आली, तर निदान बहुतेक वेळा तेथेच झालेले असते. त्यासाठी एक्स-रेची गरज असतेच असे नाही.

दिवसाला ६,००० पावले चालणाऱ्या माणसाच्या एकेका पायातला रहाट ३,००० वेळा फिरतो, हे ध्यानात घेतले की पुढचा भाग सोपा होतो.

मग बिघडते ते नेमके काय?

वैद्यकीय नावाच्या शेवटी 'आयटिस' असले की तेथे दाह, म्हणजे लाली, ऊब आणि सूज असणार असे गृहीत धरले जाते. २००३ साली हार्वे लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांच्या पट्ट्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचे प्रसिद्ध केले. त्यांत दाहाच्या खुणा नव्हत्या. होती ती झीज: विस्कटलेले तंतू आणि अर्धवट राहिलेली डागडुजी. म्हणून 'आयटिस' काढून 'फॅशिओसिस' म्हणावे असे त्यांनी सुचवले. नाव मात्र जुनेच रूढ राहिले.

काथ्याचा दोर रोज थोडा थोडा उसवत असेल आणि रात्री कुणी तो पुन्हा वळून ठेवत असेल, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. पट्ट्याचेही तसेच असते. रोजच्या वापरात पडणाऱ्या सूक्ष्म चिरा शरीर भरून काढत असते. वापर एकाएकी वाढला किंवा दुरुस्तीचा वेग मंदावला, की उसवण्याचे पारडे जड होते आणि शरीर घाईघाईने गाठी मारू लागते. गाठी मारलेला दोर जाड दिसतो, पण मजबूत नसतो. सोनोग्राफीत असा पट्टा ४ मिलिमीटरहून जाड दिसतो, तो याच कारणाने. दाह उतरवणाऱ्या गोळ्यांनी कळ थोडी बोथट होते खरी, पण दोर त्या गोळ्यांनी वळला जात नाही.

पहिल्याच पावलाला एवढी कळ का?

झोपेत आपली पावले सैलपणे खाली झुकलेली असतात, आणि अंगावर पांघरूण असेल तर त्याच्या वजनाने आणखीच. या स्थितीत पट्टा सात-आठ तास ढिला, आखडलेला राहतो. उठून उभे राहताच शरीराचा सगळा भार एकदम त्यावर येतो आणि दुखरी जागा खस्सकन ओढली जाते. उन्हात वाळलेली चामड्याची वहाण पायात घातली की आधी टोचते आणि चार पावलांनी नरमते, तसेच काहीसे येथे होते. दिवसभराच्या उभे राहण्याने संध्याकाळी टाच पुन्हा ठणकू लागते, ती मात्र थकव्याने.

पण एक्स-रेमध्ये काटा डोळ्यांना दिसतो, त्याचे काय?

काटा असतो, प्रश्न आहे तो त्याच्या अपराधाचा. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने दिलेले प्रमाण असे की, दर दहा माणसांमागे एकाच्या टाचेला असा काटा असतो आणि काटा असलेल्या वीस जणांपैकी एकाचाच पाय दुखतो. म्हणजे एकोणीस जण काट्यासह सुखाने चालत असतात. त्यांचा एक्स-रे कुणी काढत नाही, इतकेच. शिवाय हा काटा खाली, जमिनीच्या दिशेने वाढत नाही. तो पुढे, बोटांच्या दिशेने, जमिनीला समांतर असतो आणि पुष्कळदा पट्ट्याच्या वर असलेल्या लहान स्नायूच्या मुळाशी असतो. त्यामुळे तो पावलागणिक रुतण्याचा संभव फारसा नाही. कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो तशी, वर्षानुवर्षांच्या ओढाताणीची ती एक खूण मानावी.

आयुर्वेदात या भागातील वेदनेला 'वातकंटक' असे नाव आहे. एक्स-रे निघण्यापूर्वी कित्येक शतके दिलेले ते नाव वेदनेच्या टोचण्याला उद्देशून होते. आपण फिल्मवर एक टोक पाहिले आणि उपमेलाच कारण समजून बसलो. माझी टाच आता दुखत नाही. काटा मात्र होता तेथेच असणार.

असाच आळ युरिक ॲसिडवरही घेतला जातो. टाच दुखली की रक्त तपासायचे आणि आकडा जरा वर दिसला की डाळी बंद करायच्या, हे घरोघरी चालते. युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट बहुधा अंगठ्याच्या मुळाशी लाल, गरम, हात लावू न देणारी सूज घेऊन येतो. पहिल्या पावलाला कळ आणि मग आराम हे त्याचे लक्षण नाही.

हे कुणाला होते?

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनियल रिडल यांच्या अभ्यासात तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: घोट्यात पाऊल वर वळण्याची क्षमता कमी असणे, वजन बरेच जास्त असणे, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर काढावा लागणे. तिसऱ्या गटात शिक्षक, परिचारिका, वाहतूक पोलीस, दुकानातील विक्रेते येतात, आणि ज्यांच्या कामाला कुणी नोकरी म्हणत नाही त्या, ओट्यापाशी दिवसाचे पाच-सहा तास उभ्या असणाऱ्या बायकाही येतात. आपल्या घरांत अनवाणी वावरायची पद्धत आहे आणि खाली असते शहाबादी किंवा गुळगुळीत, कडक टाइल. टाचेखालची चरबीची गादी वयानुसार पातळ होत जाते, फरशी मात्र तेवढीच कठीण राहते.

पहिल्या गोष्टीची घरच्या घरी पाहता येणारी ढोबळ खूण म्हणजे उकिडवे बसणे. टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून उकिडवे बसता येत नसेल, तर पोटऱ्या आखडलेल्या असण्याची बरीच शक्यता आहे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला मागून वर खेचतो आणि पट्टा पुढून. मागची ओढ वाढली की पुढचीही वाढते.

"आमचे आजोबा जन्मभर अनवाणी शेतात हिंडले, त्यांची टाच कधी दुखली नाही," हा आक्षेप मला प्रत्येक वेळी ऐकावा लागतो आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. आजोबांचे पाय लहानपणापासून चालत होते आणि खाली माती होती. वर्षभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस जेव्हा नवरात्रात नऊ दिवस डांबरावर अनवाणी चालतो, किंवा सरावाशिवाय आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे २५० किलोमीटरच्या वारीला निघतो, तेव्हा त्याच्या पट्ट्याला सवय व्हायला वेळच मिळत नाही. चालणे वाईट नसते. बाधते ती एकाएकी झालेली वाढ. वारीला जायचे असेल तर दोन-तीन महिने आधीपासून रोजचे अंतर थोडे थोडे वाढवत नेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. याउलट, सडपातळ आणि पोटऱ्या मोकळ्या असलेल्या धावपटूलाही हे दुखणे होते, कारण त्याने आठवड्याचे अंतर दुप्पट केलेले असते.

विश्रांती घेतली तर बरे होणार नाही का?

मी हीच चूक केली. चालणे सोडले, जिना सोडला, बाजारहाट मुलाकडे दिला. टाच पहिल्या पंधरवड्यात शांत झाली आणि पुन्हा चालायला लागताच आधीपेक्षा लवकर दुखू लागली. कारण उघड आहे: न वापरलेला दोर आपोआप वळला जात नाही. तंतूंना नीट रांगेत येण्यासाठी ताण लागतो, फक्त तो मोजून-मापून द्यावा लागतो. दुखणे फार चाळवणारी कामे काही आठवडे कमी करावीत, लांबच्या चालण्याचे दोन तुकडे करावेत, पण पायाला पूर्ण सुट्टी देऊ नये.

मोजून ताण देण्याचे दोन प्रकार तपासून पाहिले गेले आहेत. पहिला सोपा आहे. २००३ साली बेनेडिक्ट डिजोव्हानी यांच्या गटाने अमेरिकेत १०१ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा पट्ट्याचा थेट ताण अधिक उपयोगी ठरला. अंथरुणातच बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, पाचही बोटे हाताने नडगीच्या दिशेने ओढावीत, दहा आकडे मोजावेत आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातली पहिली खेप पाय जमिनीवर टेकवण्यापूर्वीच करायची. सकाळच्या त्या कुप्रसिद्ध कळेची धार याने जितकी कमी झाली, तितकी माझ्या बाबतीत दुसऱ्या कशानेही झाली नाही.

दुसऱ्या प्रकाराला वेळ आणि चिकाटी दोन्ही लागतात. डेन्मार्कमधील मायकेल रॅथलेफ यांच्या गटाने ४८ रुग्णांवर तो तपासला आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहावे. पंचा घट्ट गुंडाळून त्याची सुरळी बोटांखाली ठेवावी, म्हणजे बोटे वर वळतील आणि रहाट फिरेल. कठड्याला हलका हात ठेवून, भार दुखऱ्या पायावर घेत, तीन सेकंदांत टाच वर न्यावी, दोन सेकंद तेथेच थांबावे आणि तीन सेकंदांत सावकाश खाली, पायरीच्या पातळीच्याही खाली, आणावी. हे एक दिवसाआड करायचे. सुरुवातीला १२ वेळा अशा तीन फेऱ्या. दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तके भरलेली पिशवी घेऊन १० वेळा अशा चार फेऱ्या, आणि पुढच्या दोन आठवड्यांनी आणखी पुस्तके घालून ८ वेळा अशा पाच फेऱ्या. पुस्तकांची पिशवी ही माझी भर नव्हे, ती मूळ प्रयोगातच होती. आमच्या घरी तिच्याऐवजी मुलाचे जुने दप्तर कामी आले. एका पायावर झेपत नसेल तर दोन्ही पायांवर सुरुवात करावी, आणि ज्यांचा तोल जातो त्यांनी पायरीऐवजी जमिनीवर, ओट्याला धरून करावे. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये; दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले आढळले तर मात्र भार कमी करावा.

तीन महिन्यांनंतर हा व्यायाम करणारे रुग्ण नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. वर्षभराने दोन्ही गट साधारण सारख्याच ठिकाणी पोहोचले, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे दोन्ही वाटा एकाच गावाला जातात, एक जरा लवकर पोहोचते.

शेकावे की थंड ठेवावे?

तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून त्यावर टाच टेकवण्याचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. उबेने तात्पुरते बरे वाटते यात शंका नाही, आणि फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटे फिरवल्यानेही वाटते. दोहोंपैकी जे मानवेल ते करावे. परंतु मधुमेह असलेल्या माणसाने विटेच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, वीट किती तापली आहे हे त्याला कळत नाही, आणि टाचेला आलेला फोड चिघळून महिनोन्‌महिने भरून येत नाही. असा एक पाय मी नात्यात पाहिला आहे, म्हणून हे जरा ठासून लिहिते.

पादत्राणांच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: घरात वापरण्यासाठी, जाड आणि मऊ तळाची, टाच किंचित उंच असलेली वेगळी चप्पल ठेवावी. ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही म्हटले की घरातल्या मोठ्यांची हरकतही मावळते. कोल्हापुरी सणासुदीपुरती ठेवावी. पायाच्या मापाने बनवून घेतलेले महागडे इनसोल औषधाच्या दुकानातील तयार इनसोलपेक्षा सरस असल्याचे तुलनात्मक अभ्यासांत दिसलेले नाही, तेव्हा सुरुवात स्वस्तापासून करावी. खडे लावलेल्या अ‍ॅक्युप्रेशर चपलेचा मोह आवरावा. दुखऱ्या जागी टोचून घेतल्याने पट्टा सांधला जात नाही.

इंजेक्शनने एका दिवसात चालायला लागलेले लोक आहेत, त्यांचे काय?

आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. स्टिरॉइडचे इंजेक्शन वेदना खरोखर झपाट्याने कमी करते. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हा फायदा सुमारे महिनाभर, तोही थोडा, दिसला. त्यापुढे दिसला नाही. पुन्हा पुन्हा घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा आणि क्वचित पट्टाच तुटण्याचा धोका असतो. दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादे इंजेक्शन घेऊन त्या मोकळ्या महिन्याचा उपयोग व्यायामासाठी करणे शहाणपणाचे ठरेल. बरे वाटले म्हणून लगेच पूर्वीसारखे चालू लागणे हे मात्र उसवलेल्या दोरावर भरलेला पोहरा टांगण्यासारखे आहे.

सहा महिने नेटाने प्रयत्न करूनही फरक पडत नसेल तर शॉकवेव्ह उपचाराचा विचार होतो. त्यात टाचेवर बाहेरून दाबलहरींचे ठोके दिले जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली टाचदुखीसाठी त्यास मान्यता दिली. शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते. तीत पट्ट्याचा काही भाग कापून सैल केला जातो, आणि धनुष्याची दोरीच सैल केल्यावर कमान खचू शकते, म्हणून ती अखेरची पायरी मानतात.

टाच दुखते, पण हे दुखणे ते नाही

काही वेळा घरी व्यायाम करत बसणे चुकीचे ठरते. टाचेत जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दोष मज्जातंतूत असू शकतो. टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर दुखले तर त्याला बारीक तडा गेलेला असण्याची शक्यता पाहावी लागते. विशी-तिशीतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा तासाहून अधिक वेळ ताठलेली राहून हालचालीने सुटत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. मणक्याच्या एका प्रकारच्या संधिवाताची ती सुरुवात असू शकते. आठ ते चौदा वर्षांच्या, मैदानावर धावणाऱ्या मुलांची टाच दुखते ती बहुधा वाढत्या हाडामुळे, आणि वाढ पूर्ण झाली की ती थांबते. चालताना तळव्यात 'तट्' असा आवाज येऊन तेथे काळेनिळे झाले, अंगात ताप असला, किंवा पायावर भार नसताना रात्री झोपेतून उठवणारी वेदना असली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

किती दिवस लागतील?

दहांपैकी आठ-नऊ जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पण त्यासाठी दहा-बारा महिने लागू शकतात. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून तिसऱ्या आठवड्यात लोक व्यायाम सोडून नवा डॉक्टर शोधू लागतात. सुधारणा रोजच्या रोज कळण्याइतकी नसते, आणि मधूनच एखादा वाईट दिवस येऊन आधीचे सगळे वाया गेल्यासारखे वाटते. मी दर रविवारी सकाळी, पहिल्या दहा पावलांची कळ शून्य ते दहांपैकी किती वाटली तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी ८ लिहिले. पाचव्या रविवारीही ८ होते, आणि मी कॅलेंडर उलटे करून ठेवले होते. अकराव्या रविवारी ५ झाले, मध्ये एका लग्नानंतर पुन्हा ७, विसाव्या रविवारी ३. पुढे एका रविवारी आकडा लिहायचा राहूनच गेला, आणि ते माझ्या ध्यानात आले मंगळवारी, दूध घेऊन जिना चढताना.